जांभई

लकव्यानं उजवा हात गेला, पण नाना डाव्या हातानं अन्नाला शिवेनात. म्हणून त्यांची सून रूपाली त्यांना भरवायची.

एका दुपारी जेवताना नानांनी जांभई दिली आणि तोच लुळा हात खांद्यापर्यंत वर गेला. रूपालीचं टाळकं सटकलं. "हाई बठ्ठं ढोंग शे!" म्हणत तिनं ताट त्यांच्यापुढे आदळलं. नाना उपाशीच उठले.

धुळ्याचे डॉक्टर म्हणाले, "जांभईसरशी हात आपोआप उचलला जातो, त्याची मेंदूतली वाट निराळी. मनात आणून हलवायची वाट बंद झालीय." रूपालीला कुठं तोंड लपवू असं झालं.

संध्याकाळी तिनं घास पुढे केला. तेवढ्यात नानांना जांभई आली. त्यांनी घाईघाईनं डाव्या हातानं उजवा हात मांडीवर दाबून धरला आणि भेदरून तिच्याकडे पाहिलं.