मी उलटा नाही, असाच आहे

मी सदरा बोलतोय. ओळख करून देण्याआधीच एक गोष्ट सांगून टाकतो, म्हणजे पुढे कटकट नको. मला कोणी उलटं घातलेलं नाही. माझ्या शिवणी बाहेर आहेत, कारण त्या बाहेरच ठेवायच्या होत्या. खिशाची मागची बाजू दिसते, तर दिसू दे. तुमच्या पोटात दुखायचं काय कारण?

रागावू नका. दिवसातून चारदा तेच ऐकावं लागलं की कोणाचंही डोकं फिरेल. पाव आणायला गेलो की दुकानदार खाकरतो, "ताई, ते जरा..." जिन्यात शेजारीण डोळ्यांनी खुणा करते. बसमध्ये एक आजोबा तर सांगू की नको, सांगू की नको करत अर्धा तास तळमळत बसले होते. उतरताना शेवटी जवळ येऊन सांगून गेलेच.

तर मी जन्मानं पलंगपोस. सुती, फिकट निळा, दोघांच्या पलंगाचा. कुठल्याशा घरातून मी एका लॉंड्रीत आलो आणि मला न्यायला परत कोणी फिरकलंच नाही. लॉंड्रीवाल्यानं तीन वर्षं वाट पाहिली, मग मला कपड्यांचे गठ्ठे बांधायला घेतलं. बांधायचं, सोडायचं, मळलो की धुवायचं. एवढी धुलाई झाल्यावर माणूस निर्ढावतो म्हणतात, पण कापड मऊ होतं. मी तर इतका मऊ झालो की माझी गाठही धड बसेना. लॉंड्रीवाला मला फेकायलाच निघाला होता.

तेवढ्यात त्याच्या बायकोनं मला उचललं, गालाला लावलं आणि म्हणाली, "अहो, हा मला द्या."

ही बायको म्हणजे मास्तर. गणवेश शिवणाऱ्या एका मोठ्या दुकानात ती कटिंग करायची. तिथे सोळा मशिनी चालायच्या आणि त्या सोळांना पुरेल एवढं कापड ही एकटी कापून द्यायची. म्हणून सगळे तिला मास्तर म्हणत. घरीसुद्धा नवरा मास्तरच म्हणायचा. फक्त सासूबाई 'अगं ए' म्हणायच्या, आणि ती हाक तीन मजले ऐकू जायची.

त्या वर्षी मास्तरच्या मागे एक विचित्र दुखणं लागलं होतं. सुरुवात लेबलापासून झाली. मानेमागचं लेबल टोचतंय म्हणून तिनं ते कापून टाकलं. कापल्यावरही ते टोचतच राहिलं! मग कमरेची नाडी काचायला लागली, मग बाहीची शिवण भाजायला लागली. कोरडा कपडा मध्येच ओला वाटायचा. आणि एके दिवशी छातीभोवती कोणीतरी पट्टा आवळतंय असं तिला वाटायला लागलं. अंगात होता ढगळ गाऊन, ज्यात दोन मास्तर मावल्या असत्या.

"गॅस झाला असेल, गरम पाणी पी," सासूबाई म्हणाल्या. ती गरम पाणी प्यायली आणि दुखणं दुप्पट झालं.

बऱ्याच तपासण्यांनंतर डॉक्टरीणबाईंनी नाव सांगितलं, मल्टिपल स्क्लेरोसिस. नसांवरचं आवरण जागोजागी झिजतं म्हणाल्या. वायरवरचं रबर निघालं की कसं होतं, तसं. कपडा नुसता टेकला तरी मेंदूला निरोप जातो की भाजलं, कापलं, मुंग्या चढल्या. उष्णतेनं ते आणखी वाढतं. "यात कपड्याची चूक नाही आणि तुमचीही नाही," असंही त्या म्हणाल्या. मास्तरनं हे घरी येऊन सांगितलं तेव्हा मी एका गठ्ठ्याला आवळून बसलो होतो, पण ऐकत होतो. डॉक्टरीणबाई मला फार आवडल्या.

आता गंमत बघा. जिनं हजारो मुलांना कपडे कापून दिले, तिला स्वतःला घालायला एक कपडा मिळेना. कपाट भरलेलं आणि अंगात काय घालावं हा प्रश्न. ती घरात बसून राहिली. दुकानात निरोप पाठवला की कंबर धरली आहे.

खोटं का बोलली? तर ज्याच्या हातात कात्री द्यायची त्याच्याच नसा बिघडल्यात हे कळल्यावर कटिंगचं टेबल कोण देईल? टेबल गेलं की कसली मास्तर आणि कसलं काय! तिच्या मनात हीच भीती घर करून बसली होती. शिवाय मालकांचा एक नियम होता. दुकानात प्रत्येकानं दुकानाचा कोट घालायचा. जाड खाकी कापड, ताठ कॉलर, पाठीमागे पट्टा. कोट नाही तर टेबल नाही. त्या कोटाच्या नुसत्या आठवणीनं मास्तरच्या अंगावर काटा यायचा.

म्हणून तिनं मला कापलं. माझ्या आयुष्यातला पहिला मान! कॉलर नाही, लेबल नाही, बटण नाही, इलास्टिक नाही. गळा रुंद, बाह्या सैल. शिवणी सगळ्या बाहेर आणि आतून मी सपाट, गुळगुळीत. तिनं मला घातलं, हात वर केले, खाली केले, श्वास रोखून उभी राहिली. मग हळूच म्हणाली, "अहो, काही नाही होत."

"म्हणजे काय होतंय?" नवरा घाबरला.

"अहो, काहीच नाही होत म्हणतेय!" आणि ती रडायलाच लागली. नवऱ्याला समजेना की हे चांगलं झालं की वाईट. सासूबाई दारातून म्हणाल्या, "अगं ए, उलटा घातलायस तो!"

याचा अर्थ रोज सगळं सुरळीत चालायचं असं नाही. आज चाललेलं उद्या चालेल याची खात्री नाही. कधी मी अंगाशी भुरभुरलो तरी झोंबायचो. अशा दिवशी ती आत एक मऊ, अंगाला घट्ट बसणारी बनियन घालायची, कारण हलका स्पर्श छळतो पण घट्ट स्पर्श सोसतो, हे तिला कळलं होतं. कधी ती बनियनही नकोशी व्हायची. कधी दुपारभर मला बाजूला टाकून ती पातळ पंचाखाली पडून राहायची. मी रुसत नसे. रुसून कोणाला सांगणार?

तीन महिने झाले आणि मालकांचा निरोप आला. सोमवारी पूर्ण दिवस कामावर या, नाहीतर टेबलावर दुसऱ्याला बसवावं लागेल. हंगाम तोंडावर आला होता, त्यांचंही चुकलं नव्हतं.

मास्तरनं ठरवलं, सोमवारी मला घालून जायचं. कोटाचं काय करायचं ते तिथे गेल्यावर बघू.

आता माझ्यावर काय प्रसंग ओढवला ते ऐका. लॉंड्रीवाला स्वभावानं देवमाणूस, पण त्याचं प्रेम एकाच रस्त्यानं वाहायचं, खळ आणि इस्त्री. लग्नात त्यानं स्वतःचा शर्ट इतका कडक केला होता की फोटोत त्याला मान वळवता आलेली नाही, असं सासूबाई सांगतात. बायको तीन महिन्यांनी कामाला निघणार म्हणून रविवारी दुपारी त्यानं गुपचूप मला उचललं. धुतलं. सवयीनं सुलटं केलं. खळीच्या बादलीत मनसोक्त बुडवलं. आणि मग अशी इस्त्री मारली की बाहीच्या घडीनं भाजी चिरता आली असती. मी ओरडत होतो, पण इस्त्रीच्या वाफेत आमचं कोण ऐकतं!

सोमवारी सकाळी त्यानं मला दोन्ही हातांवर आडवा धरून आणलं. तोंडभर हसू. "मास्तर, बघा. नवा कोरा!"

मास्तरनं मला पाहिलं. त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तिनं मला अंगात घातलं आणि दुसऱ्याच क्षणी असं काही ओरडली की सासूबाई भांडं टाकून धावत आल्या. सगळ्या शिवणी आत. खळीनं प्रत्येक शिवण सुरीसारखी. तिनं मला ओरबाडून काढलं आणि भिंतीला टेकून उभी राहिली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"संपलं," ती म्हणाली. "आता नाही जात मी. द्या टेबल कोणाला द्यायचं ते."

नवऱ्याचं तोंड पाहवत नव्हतं. "मी... मला वाटलं, पहिला दिवस आहे..."

"अरे दगडा," सासूबाई कडाडल्या, "खळ पाण्यानं जाते हे मी सांगायला हवं का तुला? लॉंड्री तुझी की माझी?"

मग काय, मला बादलीत कोंबलं. चोळलं, खंगाळलं, पाणी बदललं, पुन्हा खंगाळलं. सात पाणी झाली. खळ गेली, मी पुन्हा मी झालो, पण दुकान उघडायला अर्धा तास उरला होता आणि मी निथळत होतो. मला वाळवायला वेळ नव्हता. नवऱ्यानं मला पिळून, उलटं, चुकलो, माझ्या सुलट बाजूनं तिच्यापुढे धरलं.

"ओलाच घालते," मास्तर म्हणाली, "व्हायचं ते होऊ दे."

बाहेर सकाळपासूनच ऊन तापलं होतं. मी गारेगार तिच्या पाठीला टेकलो आणि मला जाणवलं की तिचे आखडलेले खांदे खाली आले. छातीभोवतीचा पट्टा एक भोक सैल झाला असावा. "अहो," ती म्हणाली, "हे तर बरं वाटतंय." मग तिनं कोट हातावर टाकला आणि आम्ही निघालो. दुसऱ्या कोणाला ओला कपडा सोसणार नाही कदाचित. हिला त्या दिवशी सोसला.

दुकानात शिरलो तर मालक दारातच. सत्तरीचे, स्वतः शिंपी, नजर अशी की चालत्या माणसाचा कपडा कुठे ओढतोय ते सांगतील.

"मास्तर, कोट कुठाय?"

"हातावर आहे."

"हातावर घालतात का? आणि हे काय, सदरा उलटा! आणि ओला! नळाखालून आलात काय?"

कोणीतरी हसलं. एकेक करून सोळा मशिनी थांबल्या. मला घाम फुटला, आधीच ओला होतो म्हणून कोणाला कळलं नाही. मास्तरच्या काळजाचे ठोके मला थेट ऐकू येत होते. ती आता 'घाईत उलटा घातला' म्हणेल, असं मला वाटलं. तेच सोपं होतं.

"उलटा नाही, मालक. मी तो असाच शिवलाय," ती म्हणाली. "आणि माझी कंबर कधीच धरली नव्हती. मी खोटं बोलले." मग तिनं सगळं सांगितलं. आजाराचं नाव, लेबल, पट्टा, सगळं. "तो कोट मला घालवत नाही. घातला तर उभं राहता येणार नाही मला."

मालकांनी तिच्या हातांकडे पाहिलं आणि म्हणाले, "हातांचं काय?"

"डाव्या हाताची दोन बोटं कधीकधी बधिर होतात. कात्रीचा हात चांगला आहे. आज चांगला आहे. उद्याचं विचारू नका, ते मलाच माहीत नसतं."

"मग आजचंच बघू," मालक म्हणाले आणि त्यांनी टेबलाकडे बोट केलं.

टेबलावर करड्या कापडाचे आठ थर अंथरलेले होते, मुलांच्या पँटचे. मास्तरनं खडू घेतला. खुणा केल्या. मोठी कात्री उचलली. सोळा जण माना उंचावून बघत होते. माझ्या बाहीत तिचं कोपर पुढे जात होतं, मागे येत होतं, आणि कात्रीचा तो ओळखीचा कर्र कर्र आवाज दुकानभर झाला. कापून झाल्यावर मालकांनी सगळ्यात वरचा आणि सगळ्यात खालचा तुकडा एकावर एक ठेवून उजेडात धरला. सूतभर फरक नव्हता.

मग ते माझ्याकडे वळले. माझी खांद्याची शिवण बोटांत धरून बारकाईनं बघितली. "काठ दुमडून दाबलाय. छान आहे. काखेत जरा घाई झालीय."

"रडत शिवला होता," मास्तर म्हणाली.

"हं. तर हा कोट घरी न्या. कॉलर काढा, पट्टा काढा, शिवणी बाहेर घ्या. काय हवं ते करा, पण कोट पाहिजे! दुकानाचा नियम तो नियम. तोवर हा सदरा चालेल. आणि टेबल पंख्याखाली घ्या."

"पंखा नको, मालक. वाऱ्यानं कपडा भुरभुरतो. खिडकीपाशी द्या."

"नखरे बघा मास्तरांचे," मालक म्हणाले, आणि दोघा जणांना टेबल उचलायला लावलं.

तो कोट मऊ करायचं काम लॉंड्रीवाल्याकडे आलं. जन्मभर लोकांचे कपडे कडक करणारा तो माणूस, चार महिने दररोज एक कोट धूत होता. धुवायचा, आपटायचा, गालाला लावून बघायचा, मान हलवायचा, पुन्हा धुवायचा. खाकीचा रंग उडून पार ताकासारखा झाला, तेव्हा कुठे एके दिवशी मास्तर म्हणाली, "चालेल."

आता माझं वय झालंय. कोपरं विरलीत, पाठीतून उजेड दिसतो. परवा सासूबाईंनी मला फरशीसाठी ओढलं होतं, मास्तरनं हातातून हिसकावून घेतलं. तुम्हाला एवढंच सांगणं आहे की कोणाच्या अंगावर माझ्यासारखा कोणी दिसला, तर दुरुस्त करायला धावू नका. त्या अंगाला काय सोसतं ते त्या अंगालाच ठाऊक.

चांगल्या दिवशी मास्तर कोट घालून जाते. वाईट दिवशी, कोटही सोसत नाही तेव्हा, ती मला पाण्यातून काढून अंगात घालते. गेल्या महिन्यात मी पाच दिवस तिच्या अंगावर होतो. या महिन्यात अजून एकदाही नाही. दारामागे खुंटीवर लटकून कंटाळा येतो हो, खोटं कशाला बोलू? पण रोज सकाळी ती दारापाशी येते, तिचा हात आधी कुठे जातोय याकडे मी जीव मुठीत धरून बघत असतो आणि मनात म्हणतो, मास्तर, मला नको गं घेऊस. कोट घाल आणि जा.