माझा हिरवा दिवा खोटं बोलला

मी एक जुना नेटवर्क स्विच आहे. नांदेडच्या एका महाविद्यालयाच्या गेटवर चौकीदाराची छोटी खोली आहे, तिथल्या फळीवर मी पडून असतो. शेजारी गाड्यांची नोंदवही, एक छत्री आणि पाण्याचा जार. माझ्या अंगावर वायरी खोचायची चोवीस छिद्रं आहेत आणि आता एकातही वायर नाही. मुलं मला बिघडलेला रेडिओ समजतात. समजू द्या. मित्रांनो, मला तुम्हाला माझी थोरवी सांगायची नाही. माझ्या हातून एक चूक झाली आणि तिची शिक्षा भलत्याच माणसाला मिळाली, तेवढं सांगायचं आहे.

मी कुठल्या कारखान्यात जन्मलो ते आठवत नाही. मला आठवतं ते खोकं उघडणारे हात, आणि ते व्यंकटीमामांचे होते. मामा संगणक कक्षाचे शिपाई. त्यांनी मला लोखंडी कपाटात बसवायला धरलं आणि म्हणाले, "लई जड हाय की हो हे!" मला फार बरं वाटलं. जन्मात पहिल्यांदा कुणीतरी माझी दखल घेतली होती.

माझं काम चौकातल्या हवालदाराचं. कार्यालय, ग्रंथालय आणि परीक्षा विभाग, प्रत्येकाच्या निरोपांची वेगळी गल्ली. एका गल्लीतला निरोप दुसरीत जाऊ द्यायचा नाही आणि ज्याच्या दारी जायचा त्याच्याच दारी सोडायचा. पाच वर्षं मी हे काम बिनबोभाट केलं. नांदेडात लाइट कधी जाईल याचा नेम नाही, पण माझ्या पाठीशी मोठ्या बॅटऱ्या होत्या. मी एकदाही विझलो नाही. पाहुणे आले की कक्षाचे प्रमुख वैजनाथ सर माझ्या हिरव्या दिव्यांकडे बोट दाखवत आणि म्हणत, "हा गडी कधी दगा देत न्हाई." मी फुगून जायचो. तिथंच माझं चुकलं असावं.

खालच्या कप्प्यात एक मोठा सर्व्हर होता. एका पोटात दहा संगणक वागवणारा. त्या दहांना एकमेकांशी आणि बाहेर माझ्याशी बोलता यावं म्हणून त्याच्या आत आणखी एक स्विच होता. पण त्याला ना पत्रा, ना छिद्रं, ना दिवा. नुसत्या आज्ञांचा बनलेला. तो पंचशीलाताईंनी बनवला होता. ताई कंत्राटी नोकरीवर होत्या, दरवर्षी ऑक्टोबरच्या अखेरीला त्यांचा करार नवा व्हायचा. आम्हा दोघा स्विचांमध्ये एकच वायर होती. ती माझ्या चोविसाव्या दारात खोचलेली.

गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यात परीक्षा विभागाचा जुना संगणक थकला, म्हणून त्याचं सगळं काम सर्व्हरच्या पोटात हलवलं. ताईंनी आतल्या स्विचमध्ये परीक्षेची गल्ली काढली. माझ्या चोविसाव्या दारालाही तशी परवानगी द्यायला हवी होती, आणि माझा पासवर्ड फक्त सरांकडे होता. सरांनी ती आज्ञा दिली. निरोप धावू लागले.

आता मित्रांनो, माझ्या जातीची एक खोड सांगतो. सांगितलेलं मी तत्काळ पाळतो, पण 'हे जतन कर' असं वेगळं सांगितलं नाही, तर एकदा विझून उठलो की ते साफ विसरतो.

"सर, सेव्ह केलं का?" ताईंनी विचारलं होतं.

"हाव, करतो की. आधी चहा घेऊ," असं म्हणून सर उठले. चहा झाला. जतन करायचं राहून गेलं.

खंडेनवमी आली. शेतकरी औतं पुजतो, सुतार रंधा पुजतो, तसे मामा दरवर्षी आम्हाला पुजायचे. कुंकवाचं बोट आणि झेंडूचं एकेक फूल. ताई त्या दिवशी नव्हत्या. दसऱ्याला दीक्षाभूमीला जायचं म्हणून आईला घेऊन त्या नागपूरला गेल्या होत्या. मामांना माझ्या फटीत धूळ दिसली. त्यांच्या गावाकडे चालू गिरणीला कुणी फडकं लावत नाही, आधी बंद करतात. त्यांनी सरांना विचारलं, "सर, पाच मिनिटं बंद करू का याला? धूळ पुसून घेतो."

सर फोनवर होते. मान वर न करता म्हणाले, "हाव, करा. आज कोण काम करून राहिलंय?"

मामांनी मला बंद केलं, लेकराचं तोंड पुसावं तसं पुसलं, फूल वाहिलं आणि पुन्हा चालू केलं. माझे सगळे दिवे हिरवे झाले. चोविसावाही. पण परीक्षेच्या गल्लीचा मला पत्ताच नव्हता.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, परीक्षा विभाग बंद पडल्याचं कळलं. प्रवेशपत्रं निघेनात. हदगावहून पहिल्या एसटीनं आलेल्या मुली दुपारपर्यंत व्हरांड्यात ताटकळल्या. सरांनी कपाट उघडून माझ्याकडे पाहिलं. दिवे हिरवेगार. त्यांनी ताईंना फोन लावला. "मॅडम, आमचा स्विच ओके हाय. तुम्ही बनवलेला तो हवेतला स्विच बसला बघा."

मित्रांनो, हिरव्या दिव्याचा अर्थ एवढाच की वायर जागेवर आहे. तिच्यातून काय जातं आणि काय अडतं, ते दिवा सांगत नाही. कार्यालय चालू, ग्रंथालय चालू, बंद ती ताईंनी नव्यानं काढलेली परीक्षेची गल्ली. मग दोष कुणाचा, हे सगळ्यांनी ठरवूनच टाकलं. आणि मी माझ्या दारी येणारा परीक्षेचा एकेक निरोप अनोळखी म्हणून फेकत होतो. वरून हिरवा लुकलुकत होतो.

शनिवारी ताई आल्या त्या स्टेशनवरून ऑटोनं थेट कक्षात. आतले संगणक एकमेकांशी नीट बोलत होते, बाहेरचं मात्र कुणी उत्तर देत नव्हतं. त्यांनी वायर बदलली. सर्व्हरचं दार बदलून पाहिलं. "सर, एकदा स्विचमध्ये बघू द्या ना," त्या दोनदा म्हणाल्या. सर म्हणाले, "त्यात काय बघायचं? दिवा दिसून राहिलाय की." संध्याकाळी प्राचार्य मॅडमनी ताईंकडून लेखी खुलासा मागितला. करार नवा करायचा की नाही, ते त्यावर ठरणार होतं. ताईंनी माझ्यासमोरच टेबलावर तो लिहिला. त्या लिहीत होत्या, खोडत होत्या आणि मी जे झालं ते सांगू शकत नव्हतो. चूक कुणी केली याची जी काही नोंद माझ्यात होती, तीही विझताना मीच पुसून बसलो होतो.

सोमवारी ताईंनी शेवटचा उपाय केला. सर्व्हरची वायर माझ्यातून उपसली आणि आपल्या लॅपटॉपला लावली. पडद्यावर परीक्षेचे निरोप एकामागून एक उमटू लागले. म्हणजे त्यांचा स्विच अगदी बरोबर बोलत होता. "सर, हे बघा. इथवर येतंय. गिळतोय तो तुमचा."

सरांना पासवर्ड टाकावाच लागला. चोविसाव्या दाराच्या यादीत दोनच नावं होती, कार्यालय आणि ग्रंथालय. वर लिहिलं होतं, चालू होऊन पाच दिवस. माझ्या नोंदीत तेवढंच उरलं होतं. सरांनी परवानगी दिली, या वेळी जतनही केली, आणि प्रवेशपत्रं भराभर निघू लागली.

पाच दिवस म्हणजे नवमी, हे मामांनी बोटांवर मोजलं आणि ते स्वतःहून प्राचार्यांकडे गेले. मॅडम कक्षातच आल्या. सगळ्यांसमोर मामा हात जोडून म्हणाले, "मी बंद केलतं त्याला, मॅडम. पूजेसाठी. या ताईची काही चुकी न्हाई."

ताई बोलायला पुढे झाल्या. मामांनी हातानंच थांबा म्हणून खुणावलं. सर भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होते. मॅडम म्हणाल्या, "यंत्राला न विचारता हात लावायचा नसतो, कळत नाही का?"

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती मी अशी डोळ्यांदेखत पाहिली. ताईंचा करार नवा झाला. मामांची बदली गेटवर झाली. निघताना ताई रडायला लागल्या. "मामा, तुम्ही विचारल्याशिवाय कशाला हात लावत नाही. सरांना विचारलं होतं ना? सांगितलं का न्हाई?"

"सांगून काय होतं, ताई? माझी नोकरीची दोनच वर्षं राहिलीत. तुमचं सगळं पुढं पडलंय, अन् तेही सरांच्याच हाताखाली."

वर्ष झालं. माझ्या जागी नवा स्विच आला आणि मी भंगारात निघालो. मामांनी मला मागून घेतलं. परवाच्या खंडेनवमीला त्यांनी मला पुसलं, झेंडू ठेवला आणि हसून म्हणाले, "बस आता निवांत. आता तुझं बटण दाबून कुणाचं काही बिघडत न्हाई." ज्याला मी उन्हात आणून बसवलं, त्याच्या हातचं फूल माझ्या पाठीवर! मला विझायचीही सोय उरलेली नाही, नाहीतर त्या क्षणी विझलो असतो.

म्हणून मित्रांनो, एक विनंती. हिरवा दिवा बघून कुणाला निर्दोष ठरवू नका, आधी आत डोकावा. दिलेली आज्ञा जतन झाली का, ते चहाच्या आधी बघा. आणि आपलं ओझं दुसरा उचलत असेल, तर ज्याला तोंड आहे त्यानं बोलावं. मला नव्हतं.

रोज सकाळी साडेनऊला वैजनाथ सरांची गाडी येते. मामांचे गुडघे दुखतात, तरी ते खुर्चीचा हात धरून उठतात, गेट उघडतात आणि म्हणतात, "नमस्कार, सर." सर पुढे बघत गाडी आत घेतात. मामा गेट लावतात आणि वहीत वेळ लिहितात.