गच्चीवरची नववी

मी एक जुनी सळई आहे. जुनी म्हणजे वयाने नव्हे, गंजाने. मित्रांनो, जालन्याच्या भट्टीत मी लालबुंद होऊन जन्मले, ट्रकबाहेर शेपूट लोंबकळत मुंबईत नाहूरला आले आणि चर्चमागे उभ्या राहणाऱ्या नव्या शाळेच्या खांबात शिरले. इमारत एकाच मजल्याची झाली. माझं निम्मं अंग काँक्रीटमध्ये गेलं, उरलेलं निम्मं बहिणींसोबत गच्चीवर उघडं राहिलं. पुढचा मजला जोडता यावा म्हणून आम्हाला असं बाहेर ठेवतात, हे मला ठाऊक नव्हतं. वाटलं, विसरले मला.

कावळे माझ्यावर चोच घासायचे. शिपाईकाका फडकी वाळत घालायचे. तरी काय भाग्य माझं! वरच्या अंगाने मी येऊरचे डोंगर आणि घिरट्या घालणाऱ्या घारी बघायचे. खालच्या अंगाने शाळा ऐकायचे. सकाळची प्रार्थना खांबातून वर चढायची आणि माझ्या टोकापर्यंत झिणझिण्या यायच्या.

पहिल्या वर्षी फक्त बालवर्ग होता. तीच मुलं पहिलीत गेली, म्हणून पहिली उघडली. मग दुसरी, मग तिसरी. उसाला नवं पेर यावं तशी दर जूनमध्ये शाळेला एक इयत्ता फुटायची आणि रिकाम्या खोल्यांतली आणखी एक बोलू लागायची. ते नवल मला कधी शिळं वाटलं नाही.

त्या पहिल्या मुलांत अबोली होती. तिची आई सुलक्षणा तिला फाटकाशी सोडून लगेच कधी गेली नाही. पलीकडच्या फुटपाथवरून, वर्गाच्या खिडकीत दोन वेण्या दिसेपर्यंत ती मान उंचावून बघत राहायची. अबोली आठवीत पोचली तरी तेच.

आठवीबरोबर शेवटची खोलीही भरली. त्याच वर्षी मैदानात फरशा बसवायचं काम निघालं आणि मुलांची पीटी गच्चीवर आली. पहिल्याच दिवशी हात फिरवताना अबोलीची बाही माझ्या टोकात अडकली आणि टर्रकन फाटली. दंडावर ओरखडा उठला. मला जागचं हलताही येईना.

धनुर्वाताचं इंजेक्शन देववून सुलक्षणा तिला घेऊन तडक वर आली. मागोमाग धापा टाकत मुख्याध्यापिका सिस्टर बेनिटा.

"सिस्टर, डोळ्यात गेली असती म्हणजे? कापून टाका ह्या सगळ्या. आजच्या आज!"

सिस्टर वसईच्या. चष्मा पुसत म्हणाल्या, "चुकलंच आमचं, अबोलीच्या मम्मी. मुलांना इथे आणायलाच नको होतं. पीटी बंद. आणि कापायच्या म्हणत असाल तर कटरवाल्याला बोलावते."

मी मुळापर्यंत शहारले.

"ए आई, नको ना!" अबोली ओरडली. "ती आमची नववी आहे!"

"काय आहे?"

"नववी. सगळे तेच म्हणतात हिला. खाली आठवी, वर नववी. कापलीस तर आम्ही जायचं कुठे?"

सुलक्षणाने सिस्टरकडे पाहिलं.

"खरंय तिचं," सिस्टर म्हणाल्या. "ह्यांनाच नव्या सळया बांधून मे महिन्यात मजला चढवायचाय. कापल्या तर काम वर्षभर लांबेल, आणि ही पोरं नववीला दुसऱ्या शाळेत जातील. आमच्याकडे सिनियर म्हणून हीच. बालवर्गात नाक पुसत होती तेव्हापासून सिनियर! पण मूल आधी, मजला नंतर. तुम्ही सांगा."

सुलक्षणा पुढे झाली. तिने मला हात लावला. बोटं तांबडी झाली.

"कधीपासून उभ्या आहेत ह्या?"

"अबोलीच्या बालवर्गापासून."

"म्हणजे हिच्याएवढ्याच थांबल्यात," ती पुटपुटली. मग आवाज चढवून म्हणाली, "कापू नका. पण भोवती कुंपण हवं, सिस्टर. आणि टोकांचं मी बघते."

दुसऱ्या दिवशी ती पिशवीभर जुने टेनिसचे चेंडू घेऊन आली. प्रत्येकाला चीर देऊन तिने आम्हा एकेकीच्या टोकावर घट्ट बसवले.

"आई, यार, नववीला टोप्या घातल्यास!" अबोली हसून हसून खाली बसली.

मे महिन्यात तारेच्या ब्रशाने माझा गंज खरवडला. माझ्या अंगाला नव्या सळया बांधल्या. खांब भरायच्या सकाळी फादरांनी पवित्र पाणी शिंपडलं, कंत्राटदाराने नारळ फोडला आणि सुलक्षणाने सगळ्यांना चहा दिला. गार काँक्रीट माझ्याभोवती चढत गेलं. शेवटची एक घार दिसली, मग अंधार. मी घाबरले नाही. जूनमध्ये बाकं सरकल्याचे आवाज आले, प्रार्थना सुरू झाली, आणि मित्रांनो, ती आता फक्त खालून येत नव्हती! चहूबाजूंनी येत होती.

पालकसभेला सुलक्षणा नववीच्या वर्गात आली. "कुठे गं त्या?"

अबोलीने खांबावर टिचकी मारली. "ह्याच्यात."

सुलक्षणाने तळवा टेकला आणि बराच वेळ काढला नाही. तिच्या हाताची ऊब माझ्यापर्यंत पोचली.

मित्रांनो, गच्चीवर गंजलेली सळई दिसली तर लांब राहा आणि मोठ्यांना सांगून तिचं टोक झाकून घ्या. पण तिला टाकाऊ म्हणण्याआधी एकदा विचारा, ती कोणासाठी उभी आहे.

माझ्या डोक्यावरच्या गच्चीत आता नव्या बहिणी उभ्या आहेत. ह्या मजल्याच्या बाकीच्या खोल्या प्रयोगशाळा आणि वाचनालयाला गेल्या, म्हणून मुलं त्यांना आत्तापासूनच दहावी म्हणतात. त्या दिवशी सभा संपल्यावर सुलक्षणा खाली उतरली नाही. खांद्यावरची चेंडूंची पिशवी सावरत ती वरचा जिना चढू लागली.