थोरल्याचा वाडगा

दक्षिण कोरियातल्या घरी नववर्षाच्या सकाळी पितरांपुढे तांदळाच्या वड्यांचं सूप मांडताना आमच्या व्हिएतनामी सुनेनं, थुईनं, एक वाडगा जास्त ठेवला.

"हा कुणाचा?" मी डाफरलो.

"मोठ्या काकांचा. आईंनी सांगितलं मला."

माझे दोघे भाऊ कोरियाच्या युद्धात गेले. मधला दक्षिणेकडून लढला, थोरला उत्तरेच्या कम्युनिस्टांकडून. थोरल्याचं नाव पन्नास वर्षं या घरात कुणी काढलं नव्हतं.

"उचल तो! त्याच्यापायी पोलीस यायचे दारात."

"माझे दोन मामाही असेच गेले, बाबा. आजीनं दोघांचे फोटो शेजारी शेजारी लावले."

"तुमचं युद्ध संपलं, देश एक झाला. आमचं नुसतं थांबलंय."

"संपायच्या आधीच लावले. सैनिक आले की कुठल्या बाजूचे ते बघून आजी एक फोटो पालथा घालायची. ते गेले की परत सरळ."

काय बाई असेल! नातही तशीच, वाडग्यावरचा हात काढेना. मी मात्र पालथा घातलेला फोटो एकदाही सरळ केला नव्हता.

"चुकलंय तुझं," मी म्हणालो. तिचा चेहरा उतरला.

"तो थोरला. त्याचा वाडगा मधल्याच्या आधी ठेव."