माझ्या अंगावरचा करडा स्वेटर

मित्रांनो, मी रंगीत फोटोचा एक जुना कागद आहे, आणि माझ्या अंगावर एकही रंग नाही. हे सांगताना माझी मान खाली जाते. माझ्याकडे फार रोखून पाहू नका, म्हणजे मला पुढचे बोलता येईल.

माझा जन्म मिट्ट काळोखात झाला. कारखान्यात माझ्यावर पातळ थर चढवले गेले. एकात पिवळा रंग झोपलेला होता, दुसऱ्यात गुलाबी, तिसऱ्यात निळा. योग्य रसायनाचा स्पर्श झाला की ते जागे होणार होते. आमच्या डब्याच्या झाकणावर म्हणे रंगीबेरंगी फुग्यांचे चित्र होते. काळ्या पिशवीत चळतीने बसलेले आम्ही त्या ऐकीव फुग्यांच्या जोरावर स्वतःला फार मोठे समजत होतो.

एका लहान स्टुडिओच्या मालकिणीने आम्हाला हौसेने आणले. पण रंगीत काम शिकायचे तिच्याकडून राहून गेले. कपाटात वरच्या फळीवर कृष्णधवल कागदांचे डबे येत, रिकामे होत. तळाशी आम्ही तसेच.

एके दिवशी सकाळी तिची धाकटी बहीण निरोप घ्यायला आली. त्याच संध्याकाळी ती कायमची परदेशी जाणार होती. तिला दिवंगत आईचा फोटो बरोबर हवा होता. आईची एकच रंगीत निगेटिव्ह उरली होती, उलट्या रंगांची आणि नखाएवढ्या चेहऱ्याची.

"ताई, यात आईनं तो मोहरी रंगाचा स्वेटर घातलाय. माझा लहानपणचा उसवून विणलेला."

"तुझा? काहीतरीच! हिरवा होता तो. माझा उसवला होता तिनं."

"तुला मेलं सगळं तुझंच वाटतं."

"आणि तू तर अगदी उदार! थांब, छापूनच दाखवते."

कृष्णधवल कागद नेमके संपले होते. ताईने तळाचा आमचा डबा ओढला.

"अगं, पण रसायन साधंच आहे ना तुझं? रंग येतील?"

"थोडे तरी येतील की. कागद रंगीत आहे!"

ताईच्या डार्करूममध्ये लाल दिवा सतत जळत असे, कारण कृष्णधवल कागदाला लाल उजेड दिसत नाही. आम्हाला तोही दिसतो, हे तिला ठाऊक नव्हते. माझा पहिला भाऊ ट्रेमध्ये काळाठिक्कर पडला. दुसराही.

"ही आई आहे की कोळशाचं पोतं?" धाकटी फिसकन हसली.

"दात काढू नकोस. तो दिवा बंद कर."

मग पूर्ण अंधारात माझी पाळी आली. निगेटिव्हमधून प्रकाश माझ्यावर पडला आणि मी त्यांच्या आईला पाहिले. उन्हामुळे बारीक झालेले तिचे डोळे पाहिले. आणि तो स्वेटर! त्याची एक ओळ हिरवी होती, तर दुसरी मोहरी. दोघींची लोकर तिने एकाच स्वेटरात विणली होती. मी हर्षभरित झालो. आता भांडण मिटणार, आणि ते मी मिटवणार!

मित्रांनो, ताईच्या रसायनाला फक्त काळे-पांढरेच जागवता येत होते. त्याने माझ्या रंगांना हाकच मारली नाही. ट्रेमधून मी बाहेर आलो तो भांडी विसळलेल्या पाण्यासारखा, मळकट आणि फिका. हिरवी आणि मोहरी ओळ माझ्या अंगावर एकाच करड्या छटेत विरून गेली. दोघी वाकून पाहू लागल्या, तेव्हा पुन्हा पाण्यात बुडून जावे असे मला वाटले.

"फेकून देते. हे असलं तुला द्यायची लाज वाटते मला," ताई म्हणाली.

धाकटीने तिचा हात धरला. "दे इकडे. डोळे मिटले ना, की आता आई अशीच दिसते मला. पुसट."

ताईने मला उचलून स्वच्छ पाण्यात धुतले. मग ओल्या अंगाने मला दोरीवर टांगले गेले.

आता मी परदेशात, धाकटीच्या घरातल्या भिंतीवर असतो. पाहुणे विचारतात, "फोटो फिका का पडला?" तेव्हा मी फ्रेमच्या काचेमागे आक्रसून जातो. सुट्टीच्या दिवशी धाकटी ताईला फोन लावते.

"मोहरीच होता हं, ताई!"

"हिरवा! डोळे तपासून घे."

दोघी हसतात. पण फोन ठेवल्यावर धाकटी माझ्याजवळ येते आणि काचेवरूनच स्वेटरवर अंगठा फिरवत राहते.

मित्रांनो, घरातल्या जुन्या निगेटिव्ह जपा, त्या कचऱ्यात टाकू नका. आणि कुणी फिका निघाला, तर त्याच्या आत काहीच नाही असे ठरवू नका; त्याला कुठल्या पाण्यात बुडवले होते, तेही विचारा. ताईच्या कपाटात ती निगेटिव्ह अजून आहे. कुणीतरी ती जाणत्या हातांत द्यावी, एवढीच माझी विनवणी आहे. तोवर धाकटीचा अंगठा हिरव्या ओळीवरून मोहरी ओळीवर जातो, परत हिरव्यावर येतो, आणि मी गप्प असतो.