वितीखालचं

त्या कारखान्यात चामड्याच्या बॅगा शिवल्या जायच्या, आणि बॅगांसारखेच शब्दही तिथे मापात बेतलेले होते. शेजारणीची बॉबीन न विचारता घेतली, तर ती ढापली. दुसऱ्याची कात्री घरी गेली, तर लांबवली. अख्खं चामडं गायब झालं तर मात्र चोरी, आणि चोर सापडला की मालकाच्या आधी कामगारच त्याला सोलून काढत. पण कापून उरलेला वीतभर किंवा त्याहून लहान तुकडा, तो ज्याच्या मशीनखाली पडेल त्याचा. त्याला म्हणायचं झाडण. हा कायदा थोरल्या मालकांनी तोंडी घातला होता, आणि तीस वर्षांत त्याला कागद लागला नव्हता.

मग थोरल्यांनी कारभार जावयाच्या हाती दिला. जावईबापू शिकलेले. दिसेल त्या गोष्टीचा तक्ता केल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. त्यांनी सासऱ्यांना एकदा विचारलं, वीत म्हणजे किती? सासरे म्हणाले, वीत म्हणजे वीत. हे उत्तर तक्त्यात बसेना. मग त्यांनी स्वतःच शोधलं आणि फाटकावर पाटी ठोकली : नऊ इंचांहून मोठा तुकडा बाहेर नेल्यास ती चोरी धरली जाईल.

त्या पाटीखाली मंगळवारी मावशी अडकल्या. सगळा कारखाना त्यांना मावशीच म्हणायचा, त्यांच्याहून मोठे होते तेसुद्धा. फाटकावर पिशवी उघडली, तर डब्याच्या वरच, काही न झाकता, तपकिरी तुकडा. कडेला ओरखडा, म्हणून बॅगेतून बाद झालेला. मावशींचा नवरा फरशी बसवायचा. दिवसभर गुडघ्यांवर रांगून त्याच्या गुडघ्यांना घट्टे पडले होते. त्याच्यासाठी मावशी गुडघ्याला बांधायचे पट्टे शिवत होत्या. एका गुडघ्याचा झाला होता, हा दुसऱ्याचा. पहारेकऱ्याने पोलादी पट्टी लावली. साडेनऊ.

ऑफिसात जावईबापूंनी छापील अर्ज पुढे सरकवला. ते ओरडले नाहीत, उलट गोडच बोलले. सही करा, पोलिसांत जात नाही, उद्यापासून येऊ नका, विषय संपला. एक प्रत मालकांच्या संघाकडे जाईल एवढंच. एवढंच म्हणजे या गल्लीतल्या अकराही कारखान्यांची दारं बंद. मावशींना दुसरं काही येत नव्हतं, आणि नवऱ्याचे गुडघे आणखी दोन वर्षं टिकतील की नाही याची खात्री नव्हती.

मावशी सावकाश वाचणाऱ्या. त्यांनी अर्ज बोट ठेवून वाचला. 'प्रकार' असं छापलं होतं आणि पुढे शाईने 'चोरी'. मावशींच्या डोक्यात तिडीक गेली. मधली अर्ध्या तासाची सुट्टी गेल्या वर्षी पाच मिनिटांवर आली, तेव्हा त्याला सुधारणा म्हणाले. मागच्या अंगणातली कामगारांची बसायची जागा गोदामाने गिळली, तर तो विस्तार. पुढाऱ्याने खाल्लं की घोटाळा, आणि घोटाळा म्हणजे जणू कुणाच्या हातून दूध सांडलं. बड्यांच्या घेण्याला दहा पांघरुणं आणि गरिबाच्या घेण्याला एकच शब्द, तोही उघडानागडा.

तरी त्यांनी पेन उचललं. पोटापुढे शहाणपण कुठवर टिकतं? त्यांच्या त्या भल्या थोरल्या पंजात पेन काडीसारखं दिसत होतं. या हातांपायी दोन स्थळं परत गेली होती. सासूने तर तोंडावर विचारलं होतं, मुलगी आणलीय की फावडी?

पेन कागदाला टेकलं आणि थांबलं.

"थोरल्यांना हा शब्द वाचून दाखवा," मावशी म्हणाल्या. "ते हो म्हणाले, तर करते सही."

थोरले शेजारच्याच खोलीत चामडी निवडत बसले होते. ते हात पुसत आले, अर्ज ऐकला, तुकडा बोटांनी चाचपला.

"जावईबापू, वीत कुणाची मोजलीत?"

"पट्टीची. नऊ इंच."

"पट्टीला बोटं असतात काय?" थोरले म्हणाले. "ज्याचा तुकडा, त्याची वीत. ज्या हाताने शिवायचं त्याच हाताने मोजायचं, असं ठरलं होतं. तुम्ही विचारलंत तेव्हा मीच अर्धं बोललो. ठेवा हात, मावशी."

मावशींनी तुकडा कधी मोजलाच नव्हता, नजरेनेच उचलला होता. त्यातून इतकी वर्षं शिवून अंगठ्याचा सांधा आखडलेला. त्यांनी तुकडा टेबलावर सपाट केला, एका कडेला अंगठा रोवला आणि पंजा ताणला. सांध्यातून कळ थेट कोपरापर्यंत गेली. करंगळी कडेपर्यंत आली, अडली, आणि मग नखभर पुढे गेली.

जावईबापूंनी वाकून नीट पाहिलं. मग आपला पंजा टेबलावर पसरून पाहिला, आणि खिशात घातला.

"झाडण आहे," थोरले म्हणाले आणि चामड्यांकडे परत गेले.

जावईबापू अर्जाची घडी घालून खणात ठेवू लागले. मावशी जागच्या हलल्या नाहीत.

"तो शब्द खोडा."

त्यांनी एक आडवी रेघ मारली.

"अजून वाचता येतोय," मावशी म्हणाल्या.

त्यांनी शाई गिरवून गिरवून शब्दाचा काळा डाग केला. मग मावशींनी तुकडा पिशवीत घातला आणि निघाल्या. फाटकाबाहेर वळणावर त्या बंद दुकानाच्या पायरीवर बसल्या. हसू काही केल्या आवरत नव्हतं.

घरी मावशींनी लगेच दुसरा पट्टा शिवून दिला. नवऱ्याने तो बांधला, गुडघ्यांवर बसून जमिनीवर दोनदा पुढेमागे सरकून पाहिलं, आणि उशीर का झाला ते विचारलं.

"माप घेत होते," मावशी म्हणाल्या, आणि दुखरा अंगठा चोळत चहा टाकायला उठल्या.