तळाचं बूच

चाकणच्या वरच्या अंगाला धरण आहे. माझा मुलगा ज्योतीराम तिथं मासे धरायचा. त्याची लेक तनुजा रांगायची तेव्हा तो एका संध्याकाळी आपली पत्र्याची होडी घेऊन गेला आणि परतला नाही. धरण तुडुंब होतं. होडी मिळाली नाही, तोही नाही. त्याच आठवड्यात कंपनीत कामाला असलेली एक बाई खोली सोडून गेली होती. लोकांनी दोन्ही गोष्टी जोडल्या. ज्योतीराम पट्टीचा पोहणारा, तो बुडेल कसा? तळाचं बूच काढून त्यानं स्वतःच होडी बुडवली आणि त्या बाईबरोबर सुरतेला गेला, असं ठरलं. सून माहेरी गेली ती तिकडचीच झाली. तनुजा माझ्यापाशी वाढली. बापाला ती ‘तुझा लेक’ म्हणायची, तेही विषय निघाला तर.

मला मात्र ती बदनामी हवीशी होती. पळून गेलेला माणूस परत येऊ शकतो.

या उन्हाळ्यात पाणी ओसरलं आणि काठाजवळ एकाचं जाळं तळाशी बुडालेल्या पत्र्याच्या होडीत अडकलं. तनुजा भोसरीत वर्कशॉपमध्ये मशीन चालवते. तिनं हे ऐकलं आणि मालवणला जाऊन, सिलिंडर पाठीवर घेऊन पाण्याखाली राहायला शिकून आली. रविवारी मैत्रीण नेहाला घेऊन ती धरणावर हजर झाली.

हाताला ओळख पटावी म्हणून घरात राहिलेलं त्याच होडीचं एक जुनं बाभळीचं बूच मी तिच्या हातात दिलं.

“मागच्या फळीखाली चाचप. पाणी काढायचं भोक असतंय. ते मोकळं असंल, तर त्यानंच बुडिवली.”

“आणि बूच जागेवर असलं तर?” नेहानं विचारलं.

तर होडी वाऱ्यानं उलटली, आणि ज्योतीरामही होडीबरोबर बुडाला. हे मी बोलले नाही.

“मोकळंच असणार,” तनुजा म्हणाली. “तुझा लेक सुरतेत मजेत असेल.”

“मालवणात नाकात पाणी गेलं तर रडत होती, आता रुबाब बघा आजी,” नेहा तिच्या कमरेला दोरी बांधत म्हणाली.

तनुजा चिखलातून उलटी चालत पाण्यात उतरली. डोकं दिसेनासं झालं. हिरव्या गढूळ पाण्यावर बुडबुडे होडीच्या जागी जाऊन थांबले. सरकले, पुन्हा तिथंच आले. बराच वेळ तिथंच राहिले.

ती बाहेर आली, तोंडातली नळी काढली आणि गुडघ्यांवर बसली.

“मोकळं होतं, आजी. शपथ. बाबा गेले असतील सुरतेला. बाबा जिवंत असतील.”

बाबा. जन्मात पहिल्यांदा ती त्याला बाबा म्हणाली.

तिची बोटं सोलली होती, एक नख मुळापासून तुटलं होतं. होडीतलं पाणी काढायला, फुगून घट्ट बसलेलं बूच उपटताना माझीही बोटं अशीच सोलायची.

मी टॉवेल तिच्या डोक्यावर टाकला आणि केस पुसत राहिले. टॉवेल चेहऱ्यावर तसाच राहू दिला.

“व्हय,” मी म्हणाले. “असंल तिकडंच.”